कावेरी लीन झाली त्याची खरी हकीकत

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

दिंद्रुड, ता. माजलगाव
२१ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप मन्मथप्पा मामा यांच्या चरणी जावई श्रीशैल याचा साष्टांग नमस्कार आणि शरणु शरणार्थी. (तीर्थस्वरूप मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. नेहमीसारखं ‘ती. स्व.’ लिहिणार होतो, पण तुमच्या घरी पाठवायच्या मजकुरातलं एकही अक्षर आता आखूड करायचं नाही असं मी ठरवलं आहे. त्यातलं ‘स्व.’ कुणी भलतंच वाचलं तर इकडून टेम्पो भरून माणसं निघायची, आणि एका सोयरिकीत हा प्रकार एकदा झाला तेवढा पुरे.)

आपली तब्येत कशी आहे? त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसताना कमरेत जी उसण भरली ती आता उतरली असेल. शांतादेवी मामींचा घसा मोकळा झाला का? रडून बसलेल्या घशाला ज्येष्ठमध चांगलं, पण आपण आडतीतले, तुम्हाला मी काय सांगावं. टेम्पोतून आलेल्या बाकीच्या वीस माणसांनाही माझा नमस्कार सांगावा. जंगम स्वामींची विभूतीची पिशवी आमच्या गटारात पडली होती, ती मी धुऊन, वाळवून, नवी विभूती भरून ठेवली आहे.

पत्रास कारण की, कारण काही नाही. कावेरीला पाठवा असं म्हणायला तर हे पत्र मुळीच नाही. लेक तुमची, आठ दिवसांसाठी नेलीत, एकोणीस झाले, माहेर आहे, राहू दे. फक्त निघताना एक पाय टेम्पोत ठेवून तुम्ही जे बोललात, की “जवई, या घरात एकच कावेरी ऱ्हाईल, कोणती ठेवायची ते ठरवा आन् मंग कळवा,” त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलं होतं. उत्तराला एकोणीस दिवस लागले याचा अर्थ मी एकोणीस दिवस विचार करत होतो असा कृपा करून घेऊ नका. उत्तर टेम्पो वेशीच्या बाहेर जायच्या आतच तयार होतं. पण नुसतं उत्तर दिलं तर ते तुमच्या दबावाला भिऊन दिलं असं वाटलं असतं, म्हणून आधी हकीकत सांगतो. तुम्ही तिथं स्वतः हजर होतात हे मला मान्य आहे. पण तुम्ही ती टेम्पोतून पाहिलीत आणि मी गाडीवरून पाहिली. दोन्हीत लई फरक पडतो.

आणि हकीकतीच्याही आधी एक आनंदाची बातमी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मामा, काल गाडी लागली. लागली म्हणजे कुठं धडकली नव्हे. सूर लागतो तशी लागली. असा आवाज, असा खणखणीत आवाज, की काल जेवलोसुद्धा उभ्यानंच. आता सुरुवातीपासून सांगतो.

दिवाळीनंतर मी दुकानासाठी स्टीलची भांडी भरायला पुण्याला गेलतो. आमच्या व्यापाऱ्याच्या गोदामात पातेल्यांच्या उतरंडीमागं, ताडपत्रीखाली ही उभी होती. खंडाळ्याकडं कुणीतरी श्रीमंत लोकांच्या मौजेसाठी एक बाग काढली होती, ती बंद पडली आणि त्यातलं सामान पांगलं, त्यात ही जपानी बाई व्यापाऱ्याच्या गळ्यात पडली. हल्ली म्हणतात देशाची दारं उघडलीत, बाहेरचं काय वाटेल ते आत येतंय. येऊ दे की. बीडला कुणी नवं पेय पितो, कुणी रंगीत टीव्ही घेतो, कुणाच्या गच्चीवर डिशची थाळी बसते. आपण भांड्यांचे व्यापारी, थाळ्या आपल्याकडे ढिगानं आहेत, मग आपण काय घ्यावं? मी ताडपत्री वर केली आणि तिथंच माझा निकाल लागला. घमेली, कळश्या, परातींच्या मधे ट्रकमध्ये बसवून तिला दिंद्रुडात आणली.

तुम्ही तिला नीट पाहिलीच नाही, रागात होता, म्हणून वर्णन करतो. चार चाकं आहेत पण ती मोटार नव्हे. हँडल फटफटीचं आहे पण फटफटीही नव्हे. चाकं बुटकी आणि फुगीर, बसायला खोगीर, डोक्यावर छप्पर नाही. तिला ट्रॉली लागत नाही, नांगर लागत नाही, मागं दुसरं माणूस धड बसत नाही. करते काय, तर पळते. चिखलातून, वाळूतून, ढेकळातून, उसाच्या सरीतून, नुसती पळते. पारावरच्या मंडळींनी एकमतानं तिला ‘ट्रॅक्टरचं पिल्लू’ ठरवलं. कावेरीनं दारातून एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं आणि विचारलं, हिला पाळण्यात घालायची का दावणीला बांधायची. (तिच्या जिभेला धार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी लग्न ठरवताना तुम्ही ते सांगितलं नव्हतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.)

आता बागेत दोन-तीन वर्षं पडून राहिलेली गाडी. किक मारावी तर एकदा हूं करायची आणि बसायची. मी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून तिचा कार्ब्युरेटर खोलला. मामा, कार्ब्युरेटर म्हणजे काही मोठी विद्या नाही. पेट्रोल आणि हवा ठरल्या मापानं मिसळून इंजिनाला पाजायची, एवढंच त्याचं काम. आत पितळेचे बारीक तुकडे असतात, सुईच्या अग्राएवढ्या भोकाचे, त्यांना जेट म्हणतात. मी ते पाहिलं आणि क्षणात माझ्या लक्षात आलं की अरे, हा तर आपला रॉकेलचा स्टोव्ह. बर्नर चोंदला की ज्योत पिवळी, धूर काळा, पातेल्याला काजळी. मग मी स्वयंपाकघरातली स्टोव्हची पिन घेतली, जेटची भोकं मोकळी केली, सगळं पेट्रोलनं धुतलं, पुसलं, बसवलं, आणि दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. (पुण्याचे राधाकिशन मिस्त्री, जे अशाच गाड्या दुरुस्त करतात आणि मूळचे आपल्या परळीचे आहेत, ते नंतर फोनवर म्हणाले की जेटमध्ये पिन घालणं हे महापाप आहे, भोक मोठं होतं. पण पाप फळलं हेही त्यांनी मान्य केलं.)

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण माणसाचा स्वभाव. गाडी चालू होत नव्हती तेव्हा वाटायचं, नुसती चालू होऊ दे. चालू झाली तेव्हा वाटलं, पळू दे. पळायला लागली तेव्हा वाटलं, पळतेय खरी पण बोलत नाही. तिचा मूळचा सायलेन्सर इतका सभ्य होता की गाडी तोंडावर पदर धरून कुजबुजल्यागत वाटायची. म्हणून मी माजलगावला सुग्रीव वेल्डरकडं नेली. सुग्रीव म्हणजे खिडकीच्या जाळ्या आणि उसाच्या रसाचे चरक करणारा माणूस, हात सोन्याचा, पण डोक्यात माझ्यासारखाच वारा. आम्ही दोघांनी मिळून सायलेन्सर कापला, आतले पडदे काढून टाकले, सरळ नळी जोडली आणि तिच्या टोकाला माझ्याच दुकानातला पोह्यांचा स्टीलचा डबा भोकं पाडून बसवला. पहिल्यांदा चालू केली तेव्हा सुग्रीवच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या साखराबाईंच्या म्हशीनं मात्र दोन वेळा दूध चोरलं. आणि माजलगावची एसटी मला ओलांडून पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला थांबली. ड्रायव्हर खाली उतरून आपलेच टायर बडवून बघत होता.

पण दुसऱ्याच दिवसापासून गाडीची तब्येत बिघडली. का बिघडली ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीत आहे. सायलेन्सर मोकळा केला की इंजिनाचा श्वास मोकळा होतो. ते हवा जास्त ओढतं. पेट्रोल मात्र जेटच्या भोकातून येईल तेवढंच येतं. मग मिश्रण पातळ होतं. पेट्रोल जास्त झालं तर त्याला मिस्त्री लोक इंग्रजीत ‘रिच’ म्हणतात, आणि पेट्रोल कमी, हवा जास्त झाली तर म्हणतात ‘लीन’. आता आपल्या शाळेत लीन म्हणजे नम्र असं शिकवलं. आणि आपल्या लोकांत लीन कोण कधी होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या इंग्रजाला काय ठाऊक की आपल्या दिंद्रुडात एक शब्द काय करू शकतो.

मी एक तारखेला सटवाच्या एसटीडी बूथवरून राधाकिशन मिस्त्रींना फोन लावला. सटवाला तुम्ही ओळखता, तोच तो, ज्यानं तुम्हाला फोन केला. बूथ म्हणजे काचेची खोली, पण दार लागत नाही, त्यामुळं आत बोललेलं बाहेर सगळं ऐकू येतं. माझ्या बाजूचं बोलणं सटवानं ऐकलं, ते असं: कावेरीला सकाळी उठायला लई त्रास होतोय. उठली तरी खोकते. चढाला दम लागतो. अंग इतकं तापतंय की हात लावता येत नाही. मागून फटाफट आवाज येतात. आणि मिस्त्री, काल खोलून बघितलं तर आत पांढरीफटक पडलीय. (हे शेवटचं प्लगबद्दल होतं. बाकीचंही गाडीबद्दलच होतं.)

आता “गाडीचं नाव कावेरी कावून?” हा तुमचा त्या दिवशीचा पहिला प्रश्न होता. मामा, रंगाऱ्याच्या हातात ब्रश होता, टाकी लाल चकचकीत होती, नाव काय घालायचं असं त्यानं विचारलं तर बारा वर्षांत दुसरं नाव माझ्या तोंडात बसलेलंच नाही. सकाळी उठल्यापासून कावेरी चहा, कावेरी किल्ली, कावेरी माझा चष्मा. जे आवडलं त्याला तेच नाव दिलं गेलं. यात तिचा अपमान करायचा हेतू असता तर मी दुकानातल्या वजनकाट्यालाही ते नाव दिलं असतं. पण नाव आदल्या संध्याकाळीच रंगवलेलं, आणि सटवा गाडीकडं बघतच नाही, कारण तिच्या आवाजानं त्याच्या गिऱ्हाइकाला फोनवरचं ऐकू येत नाही. म्हणून त्याला कळलं नाही. त्यात कावेरी दोन दिवस दाराबाहेर पडली नव्हती. (आत कामात होती. काय कामात, ते राहू द्या.) त्यात दोन तारखेला सकाळी सुग्रीवकडं निघताना मी सटवाला बजावून गेलो की पुण्याहून कावेरीबद्दल निरोप येईल, अक्षर न अक्षर लिहून घे.

मिस्त्रींचा फोन आला. ते म्हणाले, तुमची कावेरी लीन झालीय, तिला जास्त वेळ चालू ठेवू नका, मोठा जेट पाठवतो. सटवानं चिठ्ठीवर काय लिहिलं ते माझ्याकडं जपून ठेवलं आहे, जसंच्या तसं उतरवतो: “कावेरी लीन झाली. जास्त वेळ ठेवू नका. राधाकिशन, पुणे.” मोठा जेट म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, म्हणून ते त्यानं गाळलं. मामा, सटवा वाईट माणूस नाही. कुणी वारलं की आपल्या लोकांच्या घरांवर ‘शिवचरणी लीन’ अशी जी छापील पत्रकं लागतात, ती त्याच्याच बूथशेजारी छापली जातात, तो रोज वाचतो. आणि बाईमाणूस गेलं तर आधी माहेरी कळवावं, माहेरच्यांचा मान पहिला, ही रीतही त्याला चांगली ठाऊक. घरी जाऊन कोण जिवंत आहे कोण नाही हे बघण्यापेक्षा त्यानं रीत पाळली. तुम्हाला तुमच्या गावी, युसूफ वडगावला, फोन लावला, बूथ बंद केला, आणि माझ्या दुकानाशेजारची सहा दुकानंही बंद करायला लावली.

पुढचं तुम्ही पाहिलंत, पण मी साखराबाईंकडून ऐकलं ते लिहितो. टेम्पो आला. बावीस माणसं, जंगम स्वामी, बेल, फुलं, विभूती आणि माहेरचं हिरवं लुगडं. बायकांनी वेशीपासूनच हेल काढलेला. कावेरी मागच्या अंगणात होती, हात काळे, तोंडाला काजळी. तिनं आईचा आवाज ओळखला आणि पदर तोंडाला लावून धावत पुढं आली. मामी रडतायत, “माझी कावेरी गं, आता मी कुणाकडं बघू,” आणि कावेरीला वाटतंय, आई मला सांगतेय. आधी तिला वाटलं तुम्हीच गेलात. मग तुम्ही पागोट्याच्या टोकानं डोळे पुसत उभे दिसलात, तेव्हा तिला वाटलं, आजी. मग ती आजीसाठी रडली. सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांवर, एकमेकींच्या गळ्यात गळे. साखराबाई शपथेवर सांगतात की पाव तास आख्खी आळी रडत होती आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कावेरीचा होता. शेवटी तिनंच तुमचा हात धरून विचारलं, “आप्पा, कोन गेलं?”

आणि तुम्ही म्हणालात, “तू.”

मग तुम्ही तिच्याकडं पाहिलंत आणि ओटा कुठं आहे ते न बघता बसलात. कमरेची उसण तेव्हाची.

नेमका त्याच वेळी मी आलो. तुम्ही माझ्या जागी येऊन बघा. सुग्रीवनं नळीचा सांधा घट्ट केलेला, गाडी जरा बरी वाटत होती, मन प्रसन्न, थंडीचं ऊन. लांबून दारात ही गर्दी दिसली, ओळखीचे चेहरे दिसले, तुमचा टेम्पो दिसला. मला वाटलं, वडगावपर्यंत कीर्ती गेली, पाव्हणे गाडी बघायला आले. मी हात हलवले. हसलो. आणि तुम्हा सगळ्यांना आवाज नीट ऐकू यावा म्हणून तीनदा रेस दिली, तर लीन झालेलं इंजिन मागून तीन फटाके सोडून मोकळं झालं. स्वामींची पिशवी गटारात पडली ती तेव्हाच. बायको जाऊन तीन तास झालेला माणूस हसत, हात हलवत, फटाके फोडत येतोय, असं त्या बावीस माणसांना दिसलं. ते लुगडं परत न्यायचं का कावेरीला नेसवायचं, याला स्वामींनाही शास्त्र सापडलं नाही. आणि मग तुमची नजर टाकीवर गेली, तुम्ही नाव वाचलंत, आणि एक पाय टेम्पोत ठेवून ते वाक्य बोललात. कावेरीनं हात धुतले आणि टेम्पोत जाऊन बसली.

आता माझं उत्तर. टाकीवरचं नाव मी पुसायला लावलं. रंगारी ‘का’ पुसून जेवायला गेला तो आलाच नाही, म्हणून चार दिवस टाकीवर नुसतं ‘वेरी’ राहिलं. पाचव्या दिवशी कुण्या टवाळखोरानं त्यावर एक मात्रा वाढवून ‘वैरी’ केलं. मग मी स्वतः थिनरनं सगळं पुसलं. तेव्हा कायद्यानं बघितलं तर या घरात आता एकही कावेरी नाही. जी एक आहे ती तुमच्या घरी आहे. तुमची अट मी पाळली, आणि जरा जास्तच पाळली गेली.

पण गाडीबद्दल सांगायचं राहिलं. राधाकिशन मिस्त्रींनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर काडेपेटीत घालून तीन जेट पाठवले, एकापेक्षा एक मोठ्या भोकाचे. पहिला घातला, खोकला कमी झाला पण गेला नाही. दुसरा घातला, फटाके बंद झाले. तिसरा घातला तर काळा धूर आला, म्हणजे रिच झाली, म्हणून पुन्हा दुसरा. मग कार्ब्युरेटरच्या अंगाला हवेचा एक स्क्रू असतो, तो मागं-पुढं करायचा, अर्धा आटा, पाव आटा, मुंगीच्या पावलानं. मग गाडी जोरात पळवून एकदम बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. प्लग पांढरा म्हणजे कच्ची भाकरी, काळा म्हणजे करपलेली. आणि खरपूस भाजलेल्या भाकरीला जो रंग येतो ना, तव्यावरून विस्तवावर टाकून फुगवल्यावर येतो तो, तो आला की समजायचं जमलं. मामा, काल तो रंग आला. मला परमेश्वरानं असा कान आणि असा डोळा दिला असेल हे माझं मलाच माहीत नव्हतं.

काल दुपारी तिला घेऊन धरणाकडं गेलो. काय सांगू. हँडल पिळलं की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी जाते. एक खोकला नाही, एक फटाका नाही. ढेकळं आली तर ढेकळांवरून, ओढा आला तर ओढ्यातून, हरभऱ्याच्या बांधानं, बाभळींच्या मधून. डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी येत होतं आणि मी एकटाच मोठ्यानं हसत होतो. सुग्रीवला दाखवली तर तो हातातलं काम टाकून रस्त्यावर आला आणि माझ्या पाया पडायला लागला, मीच आवरलं. धरणाच्या काठाला गेलो, गाडी बंद केली. पाणी पार क्षितिजापर्यंत, वर बगळे. मी मागं वळून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मग लगेच परत आलो. (लगेच का आलो ते महत्त्वाचं नाही.)

एवढीच हकीकत. चूक माझी, शब्द इंग्रजांचा, अक्षर सटवाचं. लहान-मोठ्यांना यथायोग्य सांगावं. मामींना म्हणावं, जवयानं पाय धरलेत असं समजा. आपला राग उतरेल तेव्हा उतरू दे, मला घाई नाही.

आपला आज्ञाधारक जावई,
श्रीशैल

ता. क. १: घाई नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. घाई आहे. शेतात ज्वारी हुरड्याला आली आहे. हुरडा खायच्या निमित्तानं तुम्ही स्वतः कावेरीला घेऊन या. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. आप्पांनी आणलं, आप्पांनीच सोडलं पाहिजे, असं म्हणते. कधी म्हणाली, असं तुम्ही विचाराल. म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

ता. क. २: मामा, तुमची लेक रोज दुपारी दीड वाजता दळण घेऊन गिरणीत जाते. तुमच्याकडं दीड वाजता वीज नसते. वीज नसताना रोज दळण कसं होतं, हे तुमच्यासारख्या धान्याच्या व्यापाऱ्यानं एकोणीस दिवसांत एकदाही विचारलं नाही याचं मला नवल वाटतं. गिरणीला लागून जो बूथ आहे तिथं ती असते. गिरणी बंद असल्यानं ऐकायला स्वच्छ येतं. इकडं मी गाडी सटवाच्या बूथशी लावतो, सटवा वायर पुरेल तिथपर्यंत रिसीव्हर सायलेन्सरजवळ धरून उभा राहतो (हे प्रायश्चित्त त्यानं स्वतः मागून घेतलंय), आणि ती तिकडून ऐकून सांगते, पाव आटा आत घ्या, आता बाहेर, आता थांबा, आता प्लगचा रंग सांगा. तेव्हा वरच्या मजकुरात जिथं जिथं मी ‘मला सुचलं’, ‘मी केलं’ असं लिहिलंय, तिथं तिथं कावेरी वाचावं. स्टोव्हची पिन तिची. भाकरीचा रंग तिचा. दोन दिवस ती घराबाहेर दिसली नाही, कारण कार्ब्युरेटर तिच्या मांडीवर होता, आणि टेम्पो आला त्या वेळी ती जुना प्लग घासत होती. मला भाकरी भाजता येत नाही, हे मामींना ठाऊक आहे. नाव पुसण्याआधी मी तिला फोनवर विचारलं होतं. म्हणाली, पुसा, पण मला इचारून ठेवलं असतं तर मी हो म्हनले असते.

ता. क. ३: परवा बूथवरून ती दोन मिनिटं नुसतं ऐकत राहिली. मग म्हणाली, आता बरोबर हाय. काल पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाली, आता पक्की लागली, उद्यापासून फोन करू नका, आता माझं काही काम न्हाई. मी बरं म्हणालो. लई खूश होतो, तसाच धरणावर गेलो, ते वर लिहिलंच आहे. धरणावर मागं वळून जे सांगायचं होतं ते तिला सांगायचं होतं. घरी आलो तर दारात एवढ्या आवाजाची गाडी उभी असून घरात भांडं वाजत नव्हतं, आणि भांडी तर आपल्याकडं दुकानभर. आज सकाळी उठल्यावर मी पहिलं काम हे केलं की स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो हवेचा स्क्रू दीड आटा फिरवून टाकला. आता ती पुन्हा खोकते. पुन्हा फटाके सोडते. लीन झाली आहे, मामा, गाडी. हे पत्र मिळेल त्या दिवशी दीड वाजता कावेरीला दळणाला पाठवा. ती म्हणेल, पिठाचा डबा भरलेला आहे. तरी पाठवा.